५ गिगाहर्ट्झवर इंटरनेट देताना या चुका टाळा

रात्री साडेआठला ग्राहकांचे फोन सुरू होतात. व्हिडिओ अडकतोय, गेम तुटतोय, मुलीचा क्लास बंद पडला. ऑपरेटर, म्हणजे टॉवरवरून हवेतून घराघरांत इंटरनेट देणारा, रेडिओचं पान उघडतो. सिग्नल -५८, नॉईज (नको असलेला गोंगाट) -७८; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. तो म्हणतो, "इंटरफिअरन्स आहे," म्हणजे दुसऱ्याच्या लहरी मधे येताहेत, आणि पॉवर २४ वरून २७ वर नेतो. दहा मिनिटं बरं चालतं. मग समोरच्या टेकडीवरच्या दुसऱ्या ऑपरेटरचे ग्राहक ओरडतात आणि तोही तेच करतो. आठवड्याभरात दोघांचाही नॉईज चढलेला असतो आणि दोघांचीही सेवा आधीपेक्षा वाईट झालेली असते.

हे चित्र तालुक्यातालुक्यात आहे, आणि बहुतेक वेळा यातलं काहीच व्हायची गरज नसते. शेजाऱ्याच्या नावावर घातलेला नॉईज अनेकदा आपल्याच मास्टवर, म्हणजे अँटेनांच्या खांबावर, तयार झालेला असतो. म्हणून पॉवरच्या आकड्याला हात लावण्याआधी पुढचं सगळं तपासा.

"लायसन्स लागत नाही" हे अर्धंच ऐकणं

लायसन्समधून सूट मिळाली आहे ती ठरावीक पट्ट्यांतल्या, ठरावीक ताकदीच्या रेडिओला. इंटरनेट विकण्याच्या धंद्याला ती सूट नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणूस त्या हमखास एकत्र करतो.

आधी पट्टे पाहू. २.४ गिगाहर्ट्झ २००५ मध्ये मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये बाहेर, उघड्यावर वापरायला २००७ मध्ये ५८२५ ते ५८७५ एवढे ५० मेगाहर्ट्झ मिळाले. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तो पसारा वाढवला: ५१५० ते ५२५०, ५२५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५. एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. छोट्या ऑपरेटरच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती, आणि म्हणूनच ती जपून वापरायला हवी.

आता धंदा. आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या, परवान्यात अ, ब, क अशा श्रेण्या चालत आल्या आहेत. अ म्हणजे देशभर, ब म्हणजे एक दूरसंचार मंडळ, क म्हणजे एसएसए (सेकंडरी स्विचिंग एरिया), जो ढोबळमानाने जिल्ह्याएवढा असतो. महाराष्ट्र मंडळात गोवा येतो, पण मुंबई येत नाही; मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे वेगळं सेवाक्षेत्र आहे. 'क' श्रेणीवाला जिल्ह्याच्या हद्दीवरच्या टेकडीवर टॉवर उभा करतो आणि अँटेना दोन्हीकडे फिरवतो. रेडिओलहरींना हद्द कळत नाही, परवान्याला कळते. पलीकडच्या तालुक्यातले ग्राहक त्या परवान्यात बसत नाहीत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली जुन्या परवान्यांची व्यवस्था बदलते आहे, तेव्हा नवीन अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला नियम वाचूनच करा. दोन वर्षांपूर्वी कुणी काय भरलं हे विचारून करू नका.

आणि घरगुती फायबरचं कनेक्शन घेऊन डिशने वाडीवर वाटणं, ही गावागावात दिसणारी चूक. स्वतःचा परवाना नसेल तर परवानाधारक आयएसपीबरोबर लेखी करार करून त्याच्या नावाखाली काम करा. तोंडी "चालतंय की" याला कागदावर काहीही किंमत नाही. गैरवापराची चौकशी आली की त्या आयपी पत्त्यामागे कोण होता हे सांगायची जबाबदारी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर येते.

यंत्राचा कागदही लागतो. रेडिओच्या नेमक्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाची मंजुरी, असली पाहिजे. त्याच कंपनीचं "तसलंच" मॉडेल चालत नाही. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून ईटीएची प्रत मागा आणि बिलाला टाचून ठेवा. बिलाशिवाय तीन हजारांनी स्वस्त मिळणारा रेडिओ घेऊ नका. विमानतळाच्या परिसरात मास्ट उभारायचा असेल तर उंचीची ना-हरकत आधी घ्या, पाया खणल्यावर नाही.

आता सगळ्यात कमी वाचलं जाणारं वाक्य. ही सूट तीन अटींवर आहे: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, स्वतःला संरक्षण मागायचं नाही, आणि पट्टा सगळ्यांत वाटून वापरायचा. म्हणजे शेजारच्या ऑपरेटरमुळे तुमची लिंक, म्हणजे दोन रेडिओंमधला दुवा, पडली तर केवळ तुम्ही आधी आलात म्हणून तो चॅनेल तुमचा ठरत नाही. उलट एखाद्या परवानाधारक वापरकर्त्याने तुमच्यामुळे त्रास होतो अशी तक्रार केली, तर जागा बदला, पॉवर कमी करा, वेगळा अँटेना लावा, आणि तरीही त्रास थांबला नाही तर बंद करा, असा नियम आहे. सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग संघटनेची केंद्रं मुंबई, नागपूर आणि गोव्यात आहेत. त्रासाचा उगम कुठे आहे हे मोजून काढणं हेच त्यांचं काम आहे.

चॅनेलचा मधला आकडा बघणं आणि कडा विसरणं

रेडिओत लिहिलेला आकडा चॅनेलच्या मध्याचा असतो. ५८६५ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदी लावली की तुम्ही ५८४५ पासून ५८८५ पर्यंत पसरता, म्हणजे १० मेगाहर्ट्झ हद्दीबाहेर. ४० च्या रुंदीला तिथे शेवटचा सुरक्षित मध्य ५८५५ आहे. ५३४० वर ४० लावलं तर ५३६० पर्यंत जाता. ५३५० ते ५४७० ही मधली फट सूटमध्ये नाही. तिथे "एकदम स्वच्छ" दिसतं, ते तिथे वापरायची परवानगी नाही म्हणूनच. ४.९ च्या आणि ५८७५ च्या वरच्या चॅनेलचंही तसंच. रेडिओच्या यादीत आकडा आहे म्हणजे तो भारतात मोकळा आहे असा अर्थ होत नाही. तो रेडिओ शंभर देशांसाठी बनलेला आहे. ५९२५ च्या वर उपग्रहांचे अपलिंक चालतात. मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ साठी जो मसुदा निघाला, तो घरातल्या कमी ताकदीच्या आणि बाहेरच्या अत्यंत कमी ताकदीच्या उपकरणांसाठी होता. त्याच्या बातम्या वाचून मास्टवरचा सेक्टर (एका बाजूच्या सगळ्या ग्राहकांना सेवा देणारा अँटेना आणि त्याचा रेडिओ) तिकडे नेणं चूक आहे.

पॉवर वाढवणं

या चुकीबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी हिच्यातून जन्मतात.

मर्यादा रेडिओच्या पॉवरला असते तशी अँटेनातून एका दिशेने प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ताकदीलाही असते, आणि मास्टवर ही दुसरीच मर्यादा आधी मोडते. तिला ईआयआरपी म्हणतात. हिशेब साध्या बेरजेचा आहे: रेडिओची पॉवर, अधिक अँटेनाची गेन (ताकद एका दिशेला एकवटण्याची क्षमता), वजा केबलचं नुकसान. ५७२५ ते ५८७५ या सगळ्यात वरच्या पट्ट्यात ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम, हा आकडा धरून चला; डीबीच्या मापात १० ची वाढ म्हणजे दहापट ताकद. मधल्या पट्ट्यांची मर्यादा याहून कमी आहे, अधिसूचनेतला तक्ता छापून टॉवरच्या डब्यात चिकटवा.

आता नेहमीची मांडणी घ्या. रेडिओ २४, डिशची गेन ३० डीबीआय, जम्परचं (रेडिओ ते अँटेना या छोट्या केबलचं) नुकसान १. बेरीज ५३ डीबीएम. हे २०० वॉट झाले, परवानगीच्या ५० पट. आणि ही मांडणी अपवाद नाही, पेटीतून काढून लावलेल्या लिंकची ती सर्रास अवस्था आहे.

नवीन माणूस म्हणतो, पॉवर ७ वर आणली तर लिंक चालणारच नाही. चालते. ५ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेतलं नुकसान सुमारे १२२ डीबी. ३६ मधून १२२ गेले, समोरच्या डिशचे ३० आले, केबलचा १ गेला: -५७. १० किलोमीटरला -६३. दोन्ही आकडे उत्तम वेगाला पुरतात. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की ऐकणाऱ्या बाजूच्या डिशच्या गेनला ही मर्यादा लागत नाही. मोठी डिश लावून पॉवर उतरवली तर मिळणारा सिग्नल तोच राहतो, आणि अरुंद झोतामुळे आजूबाजूचा गोंगाटही कमी ऐकू येतो. पैसे डिशवर खर्च करा. पॉवर फुकट मिळते म्हणून ती आधी वापरली जाते, एवढंच.

जास्त पॉवरने आणखी एक नुकसान होतं. रेडिओचा अँप्लिफायर ताणला की सिग्नलचा आकार बिघडतो आणि वरची मॉड्युलेशन, म्हणजे जास्त वेगाच्या पायऱ्या, मिळत नाहीत. स्क्रीनवर सिग्नल -४० दिसतो, पण वेग मात्र -५५ वाल्यापेक्षा कमी. अशा वेळी पॉवर ३-३ डीबीने खाली आणत जा आणि प्रत्येक पायरीला पाच मिनिटं वेग बघा. कित्येक लिंक उतरत्या पॉवरवर सुधारतात.

हिशेबाप्रमाणे -५७ यायला हवा आणि -७५ येतोय? मग डिश मुख्य झोतावर नाही, बाजूच्या झोतावर बसली आहे. त्याला पॉवर हा उपाय नाही, पाना हा उपाय आहे. वर चढा, आडवी फिरवताना दोन्ही बाजूंना सिग्नल पडून पुन्हा चढतो का ते पाहा, मधलं सगळ्यात उंच शिखर शोधा, मग उभ्या दिशेने तेच करा. हिशेबात आणि प्रत्यक्षात ५ डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर काम संपलेलं नाही, आणि ते तसं सोडून खाली उतरू नये.

देश 'इंडिया' निवडा आणि अँटेनाची गेन खरी भरा. बरेचसे रेडिओ मग मर्यादा स्वतःच पाळतात. गेनच्या रकान्यात मुद्दाम शून्य भरून रेडिओला फसवण्याची पद्धत सर्रास शिकवली जाते. ती शिकवणाऱ्याकडून बाकी काही शिकू नका.

आपलाच टॉवर आपल्यालाच ऐकू येणं

एका मास्टवर चार सेक्टर, प्रत्येकी १८ डीबीआय, रेडिओ १८ वर, म्हणजे ईआयआरपी ३६. तीन किलोमीटरवरच्या ग्राहकाचा सिग्नल टॉवरला साधारण -६३ येतो. आता पाठीला पाठ लावून दोन मीटरवर बसलेला आपलाच दुसरा सेक्टर बघा. दोन मीटरचं नुकसान फक्त ५४ डीबी. पाठीमागे जाणारी ताकद ३० डीबीने कमी, पाठीमागून येणारं ऐकण्याची क्षमताही ३० डीबीने कमी. ढोबळ बेरीज करा: ३६ वजा ३० वजा ५४, अधिक १८ वजा ३०. उत्तर -६०. म्हणजे त्याच चॅनेलवर तो सेक्टर बोलत असताना, तीन किलोमीटरवरचा ग्राहक ऐकू येण्याआधी शेजारचा सेक्टर ऐकू येतो. काटकोनात बसलेले सेक्टर तर एकमेकांना याहून कितीतरी मोठ्याने ऐकतात, त्यामुळे त्यांना नुसता शेजारचा चॅनेल देऊनही भागत नाही. कुठलाही रेडिओ आपल्या चॅनेलच्या कडेला एकदम गप्प होत नाही. ३०-४० डीबी खालच्या आवाजात तो बाजूच्या चॅनेलवर सांडत राहतो.

यावर खरा उपाय म्हणजे सगळे सेक्टर एकाच क्षणी बोलणं आणि एकाच क्षणी ऐकणं. त्यासाठी जीपीएस सिंक असलेले, म्हणजे जीपीएसच्या घड्याळावर एकत्र चालणारे रेडिओ लागतात. आणि फक्त सिंक 'चालू' केलं म्हणजे झालं असं नाही. सर्व सेक्टरवर फ्रेमची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या एका फेरीची, लांबी एकच हवी, एक २.५ मिलिसेकंदांवर आणि दुसरा ५ वर असेल तर सिंक असूनही ते एकमेकांवर बोलणार. डाउनलोड-अपलोडचं प्रमाण एकच हवं. एकाला ७५:२५ आणि एकाला ५०:५० दिलं की फ्रेमच्या मधल्या पाव भागात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकत असतो. कमाल अंतराचा आकडाही सर्वांना तोच द्या. जीपीएसचा छोटा अँटेना उघड्या आकाशाखाली, मास्टच्या सावलीबाहेर बसवा. हे जमलं की चार सेक्टर दोन चॅनेलवर चालतात: उत्तर-दक्षिण एकावर, पूर्व-पश्चिम दुसऱ्यावर.

दोन कंपन्यांचे रेडिओ एकमेकांशी सिंक होतील अशी आशा ठेवू नका. एका मास्टवर एकच जात ठेवा. नसेल जमत, तर अंतर राखा: उभं किमान दोन-तीन मीटर, आणि चॅनेलमध्ये मोठी फट. सेक्टरच्या मागे-बाजूला धातूचं कवच बसवलं तर फरक पडतो. बॅकहॉल (टॉवरपर्यंत इंटरनेट आणणारी लिंक) आणि सेक्टर एकाच पट्ट्यात ठेवणं ही तर घाईची शुद्ध खूण. बॅकहॉल ५.१ किंवा ५.२ कडे, सेक्टर ५.८ कडे, आणि डिश सेक्टरच्या खाली, त्यांच्या झोताबाहेर. गावात फायबर पोचलं असेल तर बॅकहॉल हवेतून नेऊच नका. ज्या लिंकवर दोनशे घरं आहेत तिला वाटून घेतलेल्या पट्ट्यावर सोडणं बरोबर नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त ती पहाटे तीनला करावी लागते. 'अ' सेक्टरचा नॉईज लिहा. 'ब' चं प्रक्षेपण बंद करा, एक मिनिट थांबा, 'अ' चा नॉईज पुन्हा लिहा. मग 'ब' चालू, 'क' बंद. असं करत सर्व रेडिओ, बॅकहॉलसकट. एखादा बंद करताच नॉईज -७८ वरून -९३ वर उतरला तर चोर घरातच आहे. चार सेक्टरना वीस मिनिटं पुरतात. सगळं एकदम रीबूट करून "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं, आणि उद्या रात्री साडेआठला तो पुन्हा तिथेच असतो.

डीएफएस बंद करणं, देश बदलणं

मधल्या पट्ट्यांत रडार चालतात. म्हणून रेडिओ चॅनेल घेण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकतो, चालू असताना रडार ऐकू आलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडतो आणि पुढची ३० मिनिटं तिथे परत जात नाही. याला डीएफएस म्हणतात. उतावळा माणूस त्या ६० सेकंदांत रेडिओ "हँग झाला" समजून वीज काढतो, पुन्हा लावतो, पुन्हा ६० सेकंद सुरू होतात. चार वेळा असं झालं की वैतागून कुठल्या तरी दूरच्या देशाचं नाव निवडतो, किंवा चाचणीसाठी ठेवलेला देशविरहित पर्याय लावतो. डीएफएस गेलं, पॉवरची मर्यादाही गेली, आणि आपण काय केलं हे त्याच्या गावीही नसतं.

याचं टोक काय असतं ते पोर्तो रिको या अमेरिकी बेटावर दिसलं. सान हुआनच्या विमानतळाजवळ वाऱ्याचे अचानक झोत पकडणारं डॉपलर रडार आहे. अशी रडार ५६०० ते ५६५० या भागात चालतात. तिथल्या वायरलेस इंटरनेटवाल्यांचे रेडिओ उंच इमारतींवर आणि टॉवरवर होते, काही रडारच्याच चॅनेलवर. रडारच्या पडद्यावर त्या त्या दिशेला मध्यापासून कडेपर्यंत जाणारी पाचर उमटायची, आणि त्या पाचरीत पाऊस आहे की वारा हे कळायचं नाही. विमान उतरवणाऱ्यासाठी ही दिशा आंधळी झाली. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी आणि विमान वाहतूक यंत्रणा यांनी माग काढला. काही रेडिओंमध्ये डीएफएस बंद होतं, काहींत ते नीट काम करत नव्हतं. दंडाच्या नोटिसा निघाल्या. २७ जुलै २०१० ला एफसीसीने ऑपरेटर आणि उत्पादकांना पत्र काढलं: अशा रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत असाल तर मध्यापासून मध्यापर्यंत किमान ३० मेगाहर्ट्झ दूर राहा.

हे सातासमुद्रापलीकडचं म्हणून सोडून देऊ नका. मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचं सी-बँड, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं, डॉपलर रडार आहे, सोलापूरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं आहे. मुंबईत जुलैमधल्या ढगफुटीचा इशारा ज्या चित्रावरून निघतो, त्यात आपल्या डिशची पाचर असता कामा नये. इथे तडजोडीला जागा नाही. चॅनेलचा मध्य ५५७० ते ५६८० च्या मध्ये ठेवूच नका, रडार जवळ असो वा नसो. ६०५ मधले ११० सोडले तरी काम भागतं. बाकी मधल्या पट्ट्यांत डीएफएस चालू ठेवा, आणि रडार नसताना वारंवार 'रडार सापडलं' येत असेल तर आधी मास्टवरचे आपलेच रेडिओ तपासा. शेजारच्या रेडिओचे तुटक स्फोट कित्येकदा रडारसारखे भासतात.

रुंदीचा हव्यास

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरून ८० वर गेली की रेडिओच्या कानात चौपट जागेचा नॉईज शिरतो, म्हणजे ६ डीबी, आणि वर तीन-चार शेजारी. ५७२५ ते ५८७५ मध्ये ८० चा एकच चॅनेल बसतो, २० चे सात. सेक्टरला २०, फार तर ४०. ८० फक्त छोट्या बॅकहॉलला, तेही स्कॅन स्वच्छ असेल तर.

स्कॅन चुकीच्या वेळी, चुकीच्या टोकाला

दुपारी दोनला स्कॅन करून चॅनेल निवडतात आणि रात्री नवल करतात. एक सुटा रेडिओ मास्टवर कायमचा ठेवा, चोवीस तास ऐकू द्या, रात्री ८ ते ११ चं चित्र बघून ठरवा. आणि स्कॅन दोन्ही टोकांना हवं. अपलोड बिघडतं ते टॉवरला ऐकू येणाऱ्या नॉईजमुळे, डाउनलोड बिघडतं ते ग्राहकाकडच्या. सगळ्यांचंच अपलोड वाईट असेल तर टॉवर बघा. एकाच घराचं डाउनलोड वाईट असेल तर त्या घरी जा, आणि आत शिरून आधी त्यांचा वायफाय राउटर बघा. तो १४९ ते १६१ मधल्या चॅनेलवर असेल तर तो ५७४५ ते ५८०५ वर, म्हणजे थेट तुमच्या डिशच्या खाली ओरडतोय. त्याला ३६ ते ४८ मध्ये बसवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी दोन-दोन वेळा डिश बदललेली घरं आहेत.

झाडाला इंटरफिअरन्स म्हणणं

नॉईज आहे तसाच आहे पण सिग्नल पडला, तर तो इंटरफिअरन्स नाही, अडथळा आहे. उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर उन्हाळ्यात जोडलेली लिंक पुढच्या दिवाळीला पडते, कारण मधला ऊस तीन मीटरच्या वर गेलेला असतो. कोकणात माड वाऱ्याने हलला की सिग्नल वर-खाली होतो, आणि वारा थांबला की सगळं ठीक. नजरेला समोरचा टॉवर दिसतो हे पुरेसं नाही. ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर ८ मीटर त्रिज्येची पोकळी असते, त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे पावणेपाच मीटर, सर्व बाजूंनी मोकळी हवी. सर्व्हे करताना शेतात आज काय आहे हे न बघता तिथे पूर्ण वाढलेलं काय असेल ते धरा.

शेजाऱ्याशी न बोलणं

अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा असाच वाटून वापरतात, पण तिथे मधे संगणकप्रणाली बसवली आहे. टॉवरवरचा प्रत्येक रेडिओ आपली जागा ५० मीटरच्या आणि उंची ३ मीटरच्या अचूकतेने नोंदवतो, परवानगी मागतो, आणि ती मिनिटामिनिटांनी ताजी करत राहतो. नौदलाचं रडार आलं की प्रणाली त्याला थांबवते. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झवर मधे असं कुणी नाही. ते काम ऑपरेटरांनीच एकमेकांत करायचं आहे. समोरच्या टेकडीवरच्या माणसाला फोन करायला लाज कसली? चहाला बोलवा आणि एका कागदावर दोघांचे चॅनेल मांडा: तुम्ही ५७३० ते ५८००, आम्ही ५८०० ते ५८७०, दोघांचीही ईआयआरपी ३६ च्या आत. दोघांकडे एकाच कंपनीचे सिंकवाले रेडिओ असतील तर फ्रेम आणि प्रमाणही तेच ठेवा. ग्राहक पळवायची स्पर्धा खुशाल करा, ती सेवेवर आणि दरावर होऊ द्या.

यासाठी आधी स्वतःची नोंद हवी. प्रत्येक रेडिओमागे एक ओळ: टॉवर, उंची, दिशेचा अंश, चॅनेलचा मध्य, रुंदी, पॉवर, अँटेनाची गेन, ईआयआरपी, बदलाची तारीख, बदल करणाऱ्याचं नाव. रात्री बारा वाजता कुणी तरी "जरा बदलून बघितलं" आणि लिहिलं नाही, की पुढचे तीन दिवस सगळे अंधारात चाचपडतात.

पावसाआधी कनेक्टर न बघणं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात "नॉईज वाढला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत पाणी शिरलेला जम्पर बराच असतो. ओळखायची खूण पक्की आहे: रेडिओच्या दोन चेनपैकी, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी, एकच पडते. चेन ० ला -५८ आणि चेन १ ला -७० दिसत असेल तर तो शेजारी नाही. शेजाऱ्याचा नॉईज एका चेनचा सिग्नल खाऊ शकत नाही. कनेक्टर उघडला की पितळेवर हिरवट थर आणि मधल्या पिनभोवती पांढुरकी पूड दिसते. पुसून परत लावू नका, जम्पर फेका. नवीन जम्पर हाताने पूर्ण आवळा, वर आपोआप चिकटणारी रबरी टेप अर्धी-अर्धी चढवत खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात आणि पाणी आत न शिरता घसरतं. त्यावर उन्हासाठी काळी टेप. केबलला कनेक्टरच्या खाली यू आकाराचा झोल द्या, थेंब तिथून गळून जातो. लॅनची केबल शील्डवाली, अर्थिंग केलेली. मास्टवर एफएमचा ट्रान्समीटर असेल तर शील्ड नसलेली केबल हमखास १० एमबीपीएसवर कोसळते आणि दोष रेडिओला जातो. हे सगळं मे संपायच्या आत उरका, आणि दोन्ही चेनमधला फरक ३-४ डीबीच्या आत आल्याचं खालच्या माणसाने स्क्रीनवर बघून सांगितल्यावरच वरच्याने खाली उतरा.